लहान दिवसांचं वेळापत्रक

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो. एकदा ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, दुसऱ्यांदा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत चढतात. अर्थात ढग, धुरकं किंवा वाटेत उभी राहिलेली एखादी इमारत आड आली नाही तर. या तारखा कॅलेंडरवर मोजून पाहाव्यात. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस होतात आणि २१ डिसेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंतही ४१ दिवसच. दक्षिणेकडे जाताना सूर्य क्षितिजावर ज्या जागी बुडाला, परतताना तो पुन्हा त्याच जागी बुडतो.

जागा तीच, पण वेळ तीच नाही. कोल्हापुरात १० नोव्हेंबरला सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमाराला होतो. १ फेब्रुवारीला तो ६.२९ ला होतो. आकाशातला सूर्य त्याच ठिकाणी, दिवसाची लांबीही जवळजवळ तेवढीच, आणि घड्याळात मात्र अर्ध्या तासाचा फरक. हा अर्धा तास कुठून आला हे एकदा समजलं की हिवाळ्यातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना डिसेंबरपेक्षा जानेवारी जास्त अंधारा का वाटतो, लग्नाच्या मांडवात फोटोग्राफर नोव्हेंबरातच घाई का करतो, संक्रांतीला संध्याकाळ लांबलेली दिसते पण सकाळ का नाही, या सगळ्यांच्या मुळाशी तोच अर्धा तास आहे.

शाळेत शिकवलेलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं: २१ किंवा २२ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस. ते खरंच आहे. २०२५ मध्ये अयनाचा, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळण्याचा, क्षण २१ डिसेंबरला रात्री ८.३३ ला आला, २०२६ मध्ये तो २२ डिसेंबरच्या पहाटे २.२० ला येतो. घोटाळा होतो तो त्यापुढे आपणच जोडलेल्या वाक्याने. सर्वांत लहान दिवस म्हणजे त्याच दिवशी सूर्य सर्वांत उशिरा उगवणार आणि सर्वांत लवकर मावळणार, असं आपण गृहीत धरतो. तसं होत नाही, आणि महाराष्ट्रात तर मुळीच होत नाही.

मुंबईचे आकडे घेऊ. वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो, सहाच्या ठोक्याला किंवा त्याआधी अर्ध्या मिनिटाला. तिथे तो दहा-बारा दिवस जणू थबकून राहतो आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून पुढे सरकायला लागतो. अयनदिनी मुंबईत सूर्य सकाळी ७.०७ ला उगवतो आणि सायंकाळी ६.०६ ला मावळतो. म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी संध्याकाळ आधीच सहा मिनिटांनी लांबलेली असते. सकाळचं उलट. सूर्योदय अयनदिनानंतरही पुढेपुढेच जात राहतो आणि १८-२० जानेवारीच्या सुमाराला ७.१५ वर पोचून थांबतो. सर्वांत लवकरचा सूर्यास्त आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय यांच्यात मुंबईत जवळजवळ आठ आठवड्यांचं अंतर पडतं.

११ डिसेंबर आणि १ जानेवारी हे दोन दिवस शेजारी ठेवून पाहिले तर चित्र सगळ्यांत स्वच्छ दिसतं. ११ डिसेंबरला मुंबईत सूर्योदय ७.०२ ला आणि सूर्यास्त ६.०२ ला, १ जानेवारीला सूर्योदय ७.१२ ला आणि सूर्यास्त ६.१२ ला. दोन्ही दिवस अकरा तासांचेच. मधल्या तीन आठवड्यांत दिवसाची लांबी दीड मिनिटानेसुद्धा बदलत नाही. बदलते ती त्याची घड्याळातली जागा. अख्खा दिवस, दोन्ही टोकांसकट, दहा मिनिटं पुढे ढकलला जातो.

दुपार कोण ढकलतं?

सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मध्ये खरी दुपार असते, सूर्य डोक्यावरून ओलांडून जाण्याचा क्षण. घड्याळातले बारा आणि हा क्षण यांचा फारसा संबंध नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे, मुंबई त्याच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला. दर अंशामागे चार मिनिटं, म्हणून मुंबईची सरासरी दुपार १२.३९ ला येते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी ती नाराजीनेच घेतली. त्यांची स्वतःची ‘मुंबई वेळ’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि ती शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. हट्ट म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा तो प्रकार नव्हता. त्या लोकांच्या घड्याळात बारा वाजले की सूर्य खरोखरच डोक्याजवळ असायचा.

पण ही १२.३९ ची दुपारही वर्षभर एका जागी राहत नाही. ३ नोव्हेंबरच्या सुमाराला मुंबईत खरी दुपार १२.२२ ला होते, ११ फेब्रुवारीच्या आसपास १२.५३ ला. कोल्हापूरच्या किरणोत्सवातला अर्धा तास इथून येतो.

याची कारणं दोन. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी करते, पण तेवढ्यात ती सूर्याभोवतीच्या वाटेवरही पुढे गेलेली असते. सूर्य पुन्हा डोक्यावर यायचा तर तिला आणखी थोडं वळावं लागतं. हे ‘आणखी थोडं’ सरासरी चार मिनिटांचं, आणि त्यातूनच आपला २४ तासांचा दिवस बनतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि सर्वांत वेगाने धावते, त्यामुळे या दिवसांत तिला नेहमीपेक्षा जरा जास्त वळावं लागतं. दुसरं कारण पृथ्वीच्या कललेल्या आसाचं आणि ते जास्त वजनदार आहे. आकाशात सूर्याची वार्षिक वाट तिरकी आहे. मार्च-सप्टेंबरमध्ये त्याच्या चालीचा काही भाग उत्तर-दक्षिण दिशेने खर्च होतो. डिसेंबरात आणि जूनमध्ये सगळी चाल पूर्वेकडे वळते. परिणाम असा की डिसेंबरच्या शेवटी एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत २४ तास आणि वर सुमारे ३० सेकंद लागतात. दोन दिवसांत एक मिनिट. महिनाभरात पाव तास.

आता एकीकडे दिवस आखडतोय आणि दुसरीकडे दुपार पुढे सरकतेय. नोव्हेंबरच्या अखेरीस महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टींचा जोर सारखा होतो. दिवसाचं मागचं टोक रोज जेवढं आत ओढलं जातं तेवढंच दुपारबरोबर बाहेर ढकललं जातं आणि सूर्यास्त जागच्या जागी थांबतो. त्यानंतर आखडणं मंदावतं, सरकणं चालूच राहतं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या टोकाला हाच तोल पुन्हा साधतो.

लंडनला राहणाऱ्या नातेवाइकांना हे सांगायला गेलं तर ते मान हलवतील, पण त्यांचा अनुभव थोडा वेगळा आहे. तिथे अयनदिनाचा दिवस जेमतेम ७ तास ५० मिनिटांचा. सर्वांत लवकरचा सूर्यास्त, दुपारी ३.५१ चा, १२-१३ डिसेंबरला येतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय, सकाळी ८.०६ चा, डिसेंबर संपता संपता. तीन आठवड्यांच्या आत खेळ आटोपतो. उत्तरेकडे दिवस इतक्या झपाट्याने आखडतो की दुपारच्या सरकण्याला त्याच्यापुढे फारसं काही करता येत नाही. विषुववृत्ताकडे यावं तसा हा सरकण्याचा भाग वरचढ होत जातो. म्हणून परदेशी पुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे ‘१० डिसेंबरनंतर संध्याकाळ वाढते’ वगैरे ठोकताळे महाराष्ट्रात आणि गोव्यात जसेच्या तसे लावू नयेत.

आपल्या गावाची वेळ

दिनदर्शिकेत छापलेला सूर्योदय बहुधा एकाच गावाचा असतो. पंचांगाच्या सुरुवातीच्या पानांवर ते कोणत्या अक्षांश-रेखांशासाठी केलं आहे हे लिहिलेलं असतं. ते आधी वाचावं आणि मग आपल्या गावाची दुरुस्ती करावी. गाव पूर्वेला असेल तर दर अंशाला चार मिनिटं वजा, पश्चिमेला असेल तर चार मिनिटं अधिक. महाराष्ट्र साधारण ७२.६ ते ८०.९ अंश रेखांशांत पसरला आहे, म्हणजे पालघरच्या किनाऱ्यापासून गडचिरोलीच्या टोकापर्यंत नुसत्या रेखांशामुळे ३३ मिनिटांचा फरक.

एवढ्यावर थांबलं तर मात्र हिवाळ्यात चूक होते. नंदुरबार आणि कोल्हापूर ही दोन शहरं जवळजवळ एकाच रेखांशावर, ७४.२४ अंशांवर आहेत. चार मिनिटांच्या नियमाने दोन्हीकडच्या वेळा सारख्या यायला हव्यात. प्रत्यक्षात अयनदिनी कोल्हापुरात सूर्य ६.५७ ला उगवून ६.०५ ला मावळतो, नंदुरबारात ७.०६ ला उगवून ५.५६ ला मावळतो. सकाळी नऊ मिनिटं आणि संध्याकाळी नऊ मिनिटं मिळून कोल्हापूरकरांना नंदुरबारकरांपेक्षा १८ मिनिटं जास्त उजेड मिळतो. जूनमध्ये ही वाटणी नेमकी उलटते. दक्षिणेकडे हिवाळी दिवस लांब, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पणजीचा अयनदिन ११ तास १२ मिनिटांचा, नागपूरचा १० तास ५१ मिनिटांचा.

मुंबई आणि नागपूर यांच्यात दोन्ही फरक एकत्र येतात. नागपुरात अयनदिनी सूर्योदय ६.४६ ला, म्हणजे मुंबईपेक्षा २१ मिनिटं आधी; सूर्यास्त ५.३७ ला, म्हणजे २९ मिनिटं आधी. नागपूरच्या पाहुण्याला मुंबईची हिवाळी संध्याकाळ लांबलचक वाटते त्यात नवल नाही. पुणेकरांना ७.०२ ते ६.०३ असा दिवस मिळतो.

मोबाइलमधला सूर्योदय आणि पंचांगातला सूर्योदय यांत तीन-चार मिनिटांची तफावत आढळली तर कोणालाही खोटं ठरवू नये. आजचा रूढ सूर्योदय म्हणजे सूर्याची वरची कड क्षितिजावर दिसण्याचा क्षण, आणि त्यात हवेमुळे किरण वाकतात याचाही हिशेब धरलेला असतो. सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली असतानाच तो आपल्याला दिसायला लागतो. काही पंचांगकर्ते सूर्यबिंबाचा मध्य धरतात आणि किरणांचं वाकणं सोडून देतात. त्यांचा सूर्योदय त्यामुळे थोडा उशिरा आणि सूर्यास्त थोडा लवकर येतो. व्रताच्या वेळेसाठी ज्या पंचांगाची घरात परंपरा आहे तेच पाहावं. गाडी, ट्रेक किंवा कॅमेऱ्यासाठी मोबाइलमधली वेळ बरी.

स्वतः पडताळून पाहायची हौस असेल तर त्यासाठी एक सरळ काठी आणि सपाट गच्ची पुरते. काठी ओळंब्यात उभी करावी आणि सावली सर्वांत आखूड कधी होते ते बघावं. ती वेळ म्हणजे त्या गावची खरी दुपार, आणि सावली दाखवते ती खरी उत्तर. नागपूरकरांना यात एक खास मजा आहे. अयनदिनी १२.१२ च्या सुमाराला तिथे सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, त्यामुळे माणसाची सावली त्याच्या उंचीएवढीच पडते. मुलांना गच्चीवर नेऊन खडूने सावली आखून घ्यावी आणि मग त्यांना त्याच रेघेवर झोपवून मापावं. हाच प्रयोग महिन्याने, २० जानेवारीला केला तर सर्वांत आखूड सावली १२.१२ ऐवजी १२.२४ च्या आसपास पडलेली आढळेल.

सकाळ आणि संध्याकाळ वेगळी मोजावी

सूर्योदयाआधी सुमारे २४ मिनिटं रस्ता, खड्डा, माणूस ओळखू येण्याइतका उजेड झालेला असतो आणि सूर्यास्तानंतरही तेवढाच वेळ तो टिकतो. महाराष्ट्रात हिवाळाभर हा आकडा फारसा बदलत नाही. घराबाहेरच्या कामांसाठी सूर्योदयापेक्षा हीच वेळ धरावी.

मुंबईत ८ डिसेंबरच्या सुमाराला सूर्योदय सातच्या पुढे जातो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा सातच्या आत येतो. मधले अडीच महिने सकाळी साडेसहाला बाहेर पडणारा माणूस अंधारातच बाहेर पडतो. नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईत ६.२८ ला फटफटलेलं असतं, जानेवारीच्या मध्याला त्यासाठी ६.५१ वाजतात. म्हणून फिरायला किंवा धावायला जाणाऱ्यांनी ‘२२ डिसेंबर गेला, आता उजाडेल लवकर’ या भरवशावर जानेवारीत गजर मागे घेऊ नये. उलट त्याच महिन्यात अंगावर चमकती पट्टी, हातात छोटी बॅटरी आणि शक्य तर वेळ पंधरा-वीस मिनिटं पुढे, हे शहाणपणाचं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना डॉक्टर थंडीत उजाडल्यावर बाहेर पडायला सांगतात. त्यांनी ‘उजाडल्यावर’ याचा अर्थ मुंबई-ठाण्यात जानेवारीपुरता तरी सव्वासात असा घ्यावा.

सकाळच्या शाळेचा प्रश्नही इथेच येतो. २०२३ च्या डिसेंबरात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा काढला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. पाचवीपासून पुढच्या मुलांना मात्र अनेक ठिकाणी सातचीच शाळा आहे. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत जानेवारीत ही मुलं पूर्ण काळोखात बससाठी उभी राहतात, त्याच वेळी भंडारा-गोंदियात उजाडलेलं असतं. राज्यभर एकच वेळ ठरवणं कागदावर सोपं जातं. पण सकाळच्या अंधाराची झळ कोकणाला आणि संध्याकाळच्या अंधाराची पूर्व विदर्भाला, अशी ही विषम वाटणी आहे. शाळा समितीत बसणाऱ्या पालकांनी वेळेची चर्चा जूनमध्ये न करता जानेवारीतल्या सूर्योदयाचा आकडा समोर ठेवून करावी.

गुवाहाटीकरांना संध्याकाळच्या अंधाराचा हा त्रास किती टोकाचा आहे याची झलक क्रिकेट पाहणाऱ्यांना २०२५ च्या नोव्हेंबरात मिळाली. भारत-दक्षिण आफ्रिका कसोटीत तिथे खेळ नऊला सुरू झाला आणि चहापान चक्क जेवणाच्या सुट्टीआधी घेतलं गेलं, कारण सूर्य साडेचारलाच बुडतो.

संध्याकाळची काळजी मात्र लवकर घ्यायची असते. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि गोरज मुहूर्ताच्या पत्रिका वाटल्या जातात. हे दिवस म्हणजे नेमके वर्षातल्या सर्वांत लवकरच्या सूर्यास्ताचे. लॉनवर कार्य असेल आणि घरच्यांना उजेडात फोटो हवे असतील तर नागपुरात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य ५.३१ ला मावळतो हे धरून चालावं; सहाला तिथे दिवे लागलेले असतात. मुंबईत त्याच तारखेला अर्धा तास जास्त मिळतो. मुहूर्ताआधी कुटुंबाचा एकत्र फोटो काढून घेतला तर अक्षता पडल्यावरची धावपळ वाचते. गुरुजी आणि फोटोग्राफर यांना एकमेकांची वेळ कळवण्याचं काम वधूवरांच्या मामावर सोपवावं. तो तसाही मोकळाच हिंडत असतो.

डोंगरभटक्यांसाठी दोन्ही टोकं महत्त्वाची. कळसूबाईवर सूर्योदय पाहायला बारी गावातून रात्री निघणारे गट अनेकदा फार लवकर वर पोचतात आणि १६४६ मीटरवरच्या वाऱ्यात कुडकुडत बसतात. जानेवारीच्या मध्याला तिथे सूर्य सात वाजून गेल्यावरच दिसतो आणि पूर्वेला रंग चढायला लागतो तो सव्वासहाच्या पुढे. चढायला तीनेक तास लागतील असं धरलं तरी रात्री एकला निघण्याचं कारण उरत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हिशेब उलटा. तिथला सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमाराला, त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत देवळाकडची वाट दिसेनाशी होते, आणि झाडीत त्याहून आधी. परतीची बॅटरी सूर्यास्त पाहण्याआधीच पिशवीतून बाहेर काढून ठेवावी. गडाच्या पूर्वेकडच्या पायथ्याच्या गावांत सूर्य कड्याआड अर्धा-पाऊण तास आधीच जातो. मोबाइलमधली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते, तिला सह्याद्री माहीत नसतो.

समृद्धी महामार्गावरून नागपूरहून मुंबईकडे येणाऱ्यांसाठी हिवाळा खास त्रासाचा आहे. नागपूर-मुंबई या सरळ रेषेची दिशा पश्चिमेच्या सुमारे २० अंश दक्षिणेला झुकलेली आहे. डिसेंबरात सूर्य मावळतो तो पश्चिमेच्या २५ अंश दक्षिणेला. म्हणजे ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याच्या मोठ्या भागात शेवटचा पाऊण तास सूर्य थेट काचेत असतो. जूनमध्ये तोच सूर्य उजव्या हाताला पार बाजूला गेलेला असतो. उपाय साधा आहे: चहाची थांबण्याची वेळ पाच ते पावणेसहाच्या दरम्यान टाकावी, काच आतून पुसून घ्यावी (धूळ बाहेरची असली तरी चकाकी आतल्या चिकट थराने वाढते), आणि पुढच्या ट्रकपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर राखावं. सकाळी मुंबईहून नागपूरकडे जाताना उगवता सूर्य उजवीकडून येतो, समोरून नाही, त्यामुळे तो प्रवास डोळ्यांना सुसह्य.

गच्चीवर सौर पॅनेल किंवा सोलर गीझर बसवायचा विचार असेल तर जागेची पाहणी याच दिवसांत करून घ्यावी. सावल्या वर्षात सर्वांत लांब अयनदिनाच्या आसपासच असतात. मुंबईत अयनदिनाच्या खऱ्या दुपारी सूर्य साधारण साडेसत्तेचाळीस अंश उंच असतो, तेव्हा दहा मीटर उंच भिंतीची सावली नऊ मीटर पडते. सकाळी साडेनऊला तिचीच सावली १९ मीटर होते. पाहणी करणारा माणूस बारा वाजता येऊन ‘सावली नाही’ असं सांगून गेला तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. मुंबईत दुपारचा मध्य १२.३७ ला आहे, त्यामुळे सकाळच्या साडेनऊची जोडी दुपारी तीनशी नसून पावणेचारशी लागते. या दोन्ही वेळांना पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची आणि शेजारच्या इमारतीची सावली कुठवर येते ते फोटो काढून ठेवावं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि तिरपेपणा ढोबळमानाने गावाच्या अक्षांशाएवढा, हा नियम महाराष्ट्रभर चालतो.

सौर कृषिपंपावर रब्बीचं पाणी देणाऱ्या शेतकऱ्यालाही हाच हिशेब लागू आहे. पंपाचा जोर खऱ्या दुपारच्या आगेमागे सर्वांत जास्त. डिसेंबरात विदर्भात ही वेळ साधारण दहा ते सव्वादोन, तर पश्चिम महाराष्ट्रात साडेदहा ते अडीच-पावणेतीन. जानेवारीच्या अखेरीस ती आणखी पंधराएक मिनिटांनी पुढे जाते. लांबच्या वाफ्यांना पाणी या मधल्या तासांत द्यावं, जवळच्यांना कडेच्या वेळेत.

संक्रांत आणि सूर्य

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असं घरोघरी म्हटलं जातं. वाढ खरी तर तीन आठवडे आधीच सुरू झालेली असते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास सूर्याचं उत्तरेकडे वळणं आणि मकर राशीत शिरणं एकाच वेळी व्हायचं. पृथ्वीच्या आसाचा रोख अतिशय मंद गतीने फिरतो, त्यामुळे या दोन घटनांत साधारण ७२ वर्षांना एक दिवस एवढं अंतर पडत गेलं आणि आज ते २४ दिवसांवर आलं आहे. टिळक पंचांग पाळणारी घरं राशीचक्राचा आरंभ वेगळ्या ठिकाणी मानतात, म्हणून त्यांची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. स्वतः लोकमान्यांनी १८९३ च्या ‘ओरायन’ या ग्रंथात आसाच्या याच मंद फिरण्याचा आधार घेऊन वेदांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न केला होता. सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिकेने मात्र सरळ सूर्याचा माग धरला. तिचा पौष महिना २२ डिसेंबरलाच सुरू होतो.

तरीही जुन्या माणसांचं निरीक्षण चुकलेलं नाही. अयनदिनापासून १४ जानेवारीपर्यंत मुंबईचा दिवस सातच मिनिटांनी वाढतो, पण सूर्यास्त १४ मिनिटांनी लांबतो. पतंग उडवणाऱ्या मुलांना डोळ्यांनी दिसेल इतका तो फरक आहे. उरलेली सात मिनिटं सकाळच्या खात्यातून वजा झालेली असतात आणि ती पांघरुणात असणाऱ्यांना कळत नाहीत.

संक्रांतीनंतर आठवडाभराने सकाळचं टोकही मागे वळतं. सुरुवातीला इतकं हळू की १ फेब्रुवारीलाही मुंबईत सूर्योदय ७.१३ ला असतो. त्यानंतर मात्र वेग येतो: २८ फेब्रुवारीला सूर्योदय ६.५९ ला, सूर्यास्त ६.४४ ला. गजराची वेळ बदलायची असेल, बागेतल्या कुंड्या उन्हाच्या जागेवरून हलवायच्या असतील किंवा सकाळच्या वर्गाची नवी वेळ ठरवायची असेल, तर मुंबई-पुण्याकडे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा त्यासाठी धरावा. विदर्भात सूर्योदय जानेवारीच्या मध्यालाही सातच्या आतच, ६.५३ ला असल्याने, तिथे हे सगळं दोन आठवडे आधी केलं तरी चालतं.